पातळीवरून पाणी किती: नदी, भूजल आणि धरणसाठ्याच्या नोंदी कशा घ्याव्यात

पुलाच्या खांबावरची पट्टी, निरीक्षण विहिरीत सोडलेली टेप आणि धरणाच्या भिंतीवर रंगवलेले आकडे या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्षात फक्त उंची मोजली जाते. पाणी किती आहे, किती वाहतंय, हे त्या उंचीवरून काढावं लागतं. नदीसाठी ते रेटिंग कर्व्हवरून (पातळीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, सांगणारा वक्र) काढतात, भूजलासाठी जलधराच्या (पाणी धरणाऱ्या खडकाच्या किंवा मातीच्या थराच्या) स्पेसिफिक यील्डवरून, म्हणजे त्या थराच्या घनफळातून निथळून मिळणाऱ्या पाण्याच्या टक्क्यावरून, आणि धरणासाठी कोणत्या पातळीला किती साठा हे सांगणाऱ्या साठा-तक्त्यावरून. उंची वाचताना झालेली चूक सहसा दोन-चार सेंटीमीटरची असते. वक्र किंवा तक्ता जुना झाला तर चूक तीस-चाळीस टक्क्यांवर जाते आणि नोंदवही मात्र स्वच्छ दिसत राहते. म्हणून या कामातला निम्मा वेळ रोजच्या वाचनाला आणि निम्मा हे वक्र-तक्ते तपासण्याला द्यायची तयारी ठेवावी.

आधी संदर्भ खूण

प्रत्येक केंद्राजवळ पक्क्या खडकात किंवा काँक्रीटमध्ये किमान तीन संदर्भ खुणा असाव्यात, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. दोनच असतील आणि त्यांच्यात फरक आला, तर कोणती हलली हे ठरवता येत नाही. तिन्हींची समुद्रसपाटीपासूनची उंची लेव्हलिंग करून (लेव्हल या दुर्बिणीच्या यंत्राने उंचीतले फरक मोजत) काढावी. निघालेल्या खुणेवर परत येऊन बेरीज जुळते का ते बघावं. साध्या कामासाठी मान्य फरक म्हणजे फेरीच्या किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ गुणिले १२ मिलिमीटर. पाव किलोमीटरच्या फेरीत हा फरक ६ मिलिमीटर येतो. त्याहून जास्त आला तर फेरी पुन्हा घ्यावी. चूक सगळ्या वाचनांवर वाटून टाकू नये.

पातळीपट्टीचं शून्य नदीच्या तळाच्या सर्वांत खोल जागेपेक्षाही खाली ठेवावं, म्हणजे तळ खरवडला गेला तरी वाचन ऋण होत नाही. मोठ्या पुरानंतर आणि एरवी वर्षातून एकदा पट्टी खुणांशी पडताळावी. ओंडका आपटून पट्टी चार सेंटीमीटर खाली सरकलेली असते आणि पुढचे सहा महिने सगळे वाचत राहतात, हा प्रकार फार सामान्य आहे.

नदी: जागा आणि पट्टी

जागा चुकली तर पुढचं सगळं काम वाया जातं. पात्र सरळ हवं, पूर एकाच प्रवाहात मावणारा हवा, काठ पक्के हवेत. त्याहून महत्त्वाची अट अशी की केंद्राच्या खालच्या बाजूला पाण्याला धरून ठेवणारं काहीतरी कायमचं असावं, म्हणजे खडकाचा आडवा पट्टा किंवा पक्का बंधारा. तेच पातळी आणि विसर्ग यांचं नातं ठरवतं. वाळूच्या तळावर ते नातं प्रत्येक पुराबरोबर बदलतं. खाली लगेच दुसरी नदी मिळत असेल किंवा धरणाचा फुगवटा येत असेल तर ती जागा सोडावी. तिथे पातळी वाढते पण विसर्ग वाढलेला नसतो.

पट्ट्या एक-एक मीटरच्या, सेंटीमीटरच्या खुणांच्या, काठावर पायऱ्यांसारख्या चढत्या बसवाव्यात. खालच्या पट्टीचा वरचा भाग आणि वरच्या पट्टीचा खालचा भाग थोडा एकावर एक यावा. वाचताना डोळा शक्य तितका पाण्याच्या पातळीला आणावा. लाट असेल तर मिनिटभर बघून वरच्या आणि खालच्या टोकाची सरासरी घ्यावी, आणि चढउतार किती होता तोही लिहावा. पूर चढत असताना दिवसातून दोन वाचनं पुरत नाहीत. तासातासाला, छोट्या ओढ्यावर तर पंधरा मिनिटांनी वाचावं लागतं, कारण तिथे पुराचा माथा दोन वाचनांच्या मध्येच येऊन जातो. माथा चुकलाच तर काठावरच्या झुडपांत अडकलेला कचरा आणि गाळाची रेघ त्याच दिवशी रंगाने खूण करून लेव्हलने तिची उंची संदर्भ खुणेशी जोडून घ्यावी. पुढच्या पावसात ती रेघ धुऊन जाते.

विसर्ग मोजणे

पात्रावर आडवा दोर किंवा टेप ताणायची आणि तिच्यावर उभ्या रेषा ठरवायच्या. रेषा किती? नदी रुंद असेल तर वीस ते पंचवीस, आणि अशा वाटलेल्या की कोणत्याही एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये, पाच टक्के असेल तर उत्तम. सारख्या अंतरावर रेषा आखायचा मोह टाळावा. जिथे पाणी खोल आणि वेगवान, तिथे रेषा दाट हव्यात.

प्रत्येक रेषेवर खोली मोजायची आणि करंट मीटर या प्रवाहमापक यंत्राने वेग. खोली पाऊण मीटरहून कमी असेल तर पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एकच वाचन. जास्त असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीवर दोन वाचनं घेऊन सरासरी. प्रत्येक वाचन किमान ४० सेकंदांचं, कारण प्रवाह धडधडत वाहतो आणि दहा सेकंदांत एखादाच झोत पकडला जातो. उभं राहणाऱ्याने मीटरच्या खालच्या बाजूला आणि एका अंगाला उभं राहावं, पायांची भोवरी मीटरपर्यंत जाऊ नये.

हिशेब असा: एका रेषेचा पट्टा म्हणजे आधीच्या आणि पुढच्या रेषेमधल्या अंतराचा अर्धा भाग. रेषा ३ मी., ४ मी. आणि ५.५ मी. वर असतील, ४ मी. वर खोली ०.६० मी. आणि सरासरी वेग ०.४५ मी. प्रति सेकंद असेल, तर पट्ट्याची रुंदी १.२५ मी. आणि त्यातला विसर्ग १.२५ × ०.६० × ०.४५ = ०.३४ घनमीटर प्रति सेकंद. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदीचा विसर्ग. मोजणी सुरू करताना, मध्ये आणि संपताना पट्टी वाचावी. या दरम्यान पातळी बरीच बदलली असेल तर त्या मोजणीला कोणती पातळी लावायची, हा प्रश्न उरतो.

पाण्यात उतरण्याआधी खोली (मीटर) आणि वेग (मीटर प्रति सेकंद) यांचा गुणाकार करून बघावा. ०.९ ही अनुभवी माणसाचीही वरची मर्यादा. नवख्याने त्याच्या निम्म्यावर थांबावं. तळ गुळगुळीत असेल तर आणखी आधी. लाइफ जॅकेट घालूनच उतरावं, एकट्याने कधीच नाही. त्यापुढे पुलावरून किंवा केबलवरून मोजावं.

मीटर नसेल तर तरंगती वस्तू वापरता येते. अर्धी पाणी भरलेली झाकणबंद बाटली चालते. रिकामी बाटली वाऱ्याने पळते. किमान २० सेकंद लागतील एवढं अंतर आखून, पात्राच्या वेगवेगळ्या भागांत बाटली सोडून वेळ काढायची. आलेला पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणला की सरासरी वेगाचा अंदाज मिळतो. हा अंदाजच आहे, उथळ आणि खडबडीत ओढ्यात गुणक याहूनही खाली उतरतो. पण पुरात काहीच न मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

लहान ओढ्याला किंवा झऱ्याला ९० अंशांचा व्ही-नॉच (आडव्या पत्र्यातली V आकाराची खाच, जिच्यातून पाणी पडतं) उत्तम. सूत्र: विसर्ग = १.३८ × उंचीचा २.५ वा घात, उंची (खाचेच्या तळापासून पाण्याची) मीटरमध्ये आणि उत्तर घनमीटर प्रति सेकंदात. २० से.मी. ला जवळपास २५ लिटर प्रति सेकंद येतात, २१ से.मी. ला जवळपास २८. एका सेंटीमीटरने तेरा टक्के फरक पडतो, म्हणून इथे मिलिमीटर वाचावेत. उंची खाचेवर मोजू नये, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं; जास्तीत जास्त अपेक्षित उंचीच्या चौपट अंतरावर वरच्या बाजूला मोजावी. पडणाऱ्या धारेच्या मागे हवा खेळती हवी. धार पत्र्याला चिकटली की सूत्र लागू होत नाही. नॉचमागे गाळ भरला की पाणी वेगाने येतं आणि विसर्ग कमी दिसतो, म्हणून तो उपसत राहावा.

रेटिंग कर्व्ह

वेगवेगळ्या पातळ्यांना केलेल्या मोजण्यांतून वक्र बसवतात: विसर्ग = गुणक × (पातळी − शून्य-प्रवाह पातळी) याचा घात. शून्य-प्रवाह पातळी म्हणजे ज्या पातळीला वाहणं थांबेल ती. उन्हाळ्यात खालच्या खडकाच्या पट्ट्यावरची सर्वांत खोल खाच लेव्हलने मोजली की ती थेट मिळते, आणि संगणकावर अंदाज करत बसण्यापेक्षा ही मोजणी केव्हाही चांगली. लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर लॉग माप असलेल्या) बिंदू सरळ रेषेत आले तर शून्य-प्रवाह पातळी बरोबर आहे. रेषा वाकली तर शून्य तपासा, किंवा ती जिथे मोडते तिथे पाणी काठाबाहेर पडतं का ते बघा. बारा-पंधरा चांगल्या मोजण्या तरी हव्यात, आणि त्या सगळ्या हिवाळ्यातल्या नकोत. सोयीच्या दिवशी मोजायची सवय लागली की वक्राचा खालचा भाग बिंदूंनी भरून जातो आणि वरचा मोकळा राहतो. मोजलेल्या सर्वांत मोठ्या विसर्गाच्या दुपटीपलीकडे वक्र ओढू नये.

वक्र जुना झाल्याने काय होतं ते एका उदाहरणात बघा. गुणक ८, घात २, शून्य पातळी ०.३० मी. असेल तर १.५० मी. ला विसर्ग ८ × १.२² = ११.५ घनमीटर प्रति सेकंद. पुरात खालचा अडथळा खरवडून शून्य ०.१० मी. वर आलं, तर त्याच १.५० मी. ला ८ × १.४² = १५.७. पट्टी तीच, वाचन तेच, विसर्गात छत्तीस टक्क्यांचा फरक. म्हणून प्रत्येक मोठ्या पुरानंतर निदान एक मोजणी करावीच. ती वक्रापासून पाच टक्क्यांहून जास्त दूर गेली तर त्याच दिवशी, जमल्यास दुसऱ्या मीटरने, पुन्हा मोजावं. दोन्ही एकाच बाजूला पडल्या तर वक्र सरकला आहे. एक गोष्ट मात्र वक्राची चूक समजू नये: सपाट उताराच्या नदीत पूर चढताना त्याच पातळीला विसर्ग जास्त आणि ओसरताना कमी असतो.

सेन्सर

स्वयंचलित यंत्राने पट्टी वाचायची गरज संपत नाही. दर भेटीला पट्टी आणि सेन्सर दोन्ही एकाच मिनिटाला वाचून फरक लिहावा.

दाबावर चालणारा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) पाण्यासोबत हवेचाही दाब मोजतो. हवेचा दाब १ हेक्टापास्कलने बदलला की वाचनात सुमारे १ से.मी. फरक पडतो, वादळात दाब २० हेक्टापास्कलने उतरला तर नदी २० से.मी. उतरल्यासारखी दिसेल. त्यासाठी वर हवेत दुसरा लॉगर हवा किंवा हवेची नळी असलेली केबल. त्या नळीतलं ओलावा शोषणारं जेल रंग बदललं की बदलावं. अल्ट्रासॉनिक सेन्सरला हवेचं तापमान नडतं: १० अंशांच्या फरकाने ५ मीटर अंतरावर ९ से.मी. ची चूक होऊ शकते. रडारला ही अडचण नाही, पण कोळी-किड्याची जाळी आणि पुलाखालचा ओंडका त्यालाही दिसतो. स्टिलिंग वेलची (नदीला नळीने जोडलेली काठावरची विहीर, जिच्यात लाटांशिवाय पातळी मोजतात) नळी गाळाने बुजली तर आलेख पूर ओसरताना सपाट राहतो. बाहेरची पट्टी खाली आणि आतली वर असेल तर हेच झालं आहे, नळी उलट पाण्याने धुवावी.

भूजल

विहिरीच्या काठावर एक मोजणी-बिंदू रंगवून ठरवावा आणि दरवेळी तिथूनच मोजावं. त्याची जमिनीपासूनची उंची वेगळी लिहावी. केसिंग (बोअरचा पाइप) जमिनीपासून पाऊण मीटर वर असेल आणि टेपचं वाचन ८.६५ मी. असेल तर जमिनीखालची खोली ७.९० मी. कठड्याची दुरुस्ती झाली की बिंदू बदलतो, आणि पुढच्या आलेखात पाणी एकाएकी अर्धा मीटर खाली गेल्याचं दिसतं.

पोलादी टेप आणि खडू ही पद्धत जुनी असली तरी सर्वांत विश्वासू. शेवटच्या मीटरला खडू फासायचा, टेप पूर्ण मीटरच्या खुणेपर्यंत सोडायची, वर काढून ओल्या खुणेचं वाचन त्यातून वजा करायचं. लगेच दुसऱ्यांदा मोजायचं. दोन वाचनं एक सेंटीमीटरच्या आत जुळली पाहिजेत. आवाज करणारी विद्युत टेप वेगवान, पण केसिंगवरून ओघळणाऱ्या पाण्यानेही ती वाजते, आणि वापरून तिची केबल ताणली जाते, म्हणून वर्षातून एकदा पोलादी टेपशी जुळवावी. पंपाचं तेल सांडलेल्या बोअरमध्ये पाण्यावर तेलाचा थर असतो आणि खडूच्या टेपवरची खूण त्या थरापासूनच लागते. अशी बोअर निरीक्षणासाठी घेऊच नये.

सर्वांत मोठी गफलत पंपाची. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वाचनं घ्यावीत. पातळी वर येत असेल तर पंप नुकताच बंद झाला आहे, खाली जात असेल तर शेजारचा चालू आहे. दोन्ही परिस्थितीत वाचन लिहावं, पण शेऱ्यासकट, आणि प्रादेशिक नकाशात ते घेऊ नये. पंप नसलेली निरीक्षण बोअर यासाठीच बरी. तिची जाळी (पाइपचा पाणी आत येणारा छिद्रांचा भाग) बुजली आहे का हे तपासायला १० लिटर स्वच्छ पाणी ओतावं. १०० मि.मी. आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरभर उंचीला ७.८५ लिटर मावतात, म्हणजे पातळी सव्वा मीटरने चढेल. काही तासांत ती मूळ जागी आली नाही आणि सभोवतालचा खडक पाणी देणारा असेल, तर ती बोअर जलधराची पातळी दाखवत नाही, ती फक्त पाण्याने भरलेली नळी आहे. कॉम्प्रेसरने धुवावी किंवा यादीतून काढावी.

वर्षातून किमान चार वेळा, ठरलेल्या तारखांना मोजावं. पावसाळ्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचन चुकवू नये. महिन्याला जमलं तर आलेख बोलू लागतो. उथळ विहिरी आणि खोल बोअर एकाच नकाशात मिसळू नयेत, कारण दोन वेगळ्या जलधरांची पातळी जोडून काढलेल्या समपातळी रेषांना अर्थ नसतो.

पातळीतल्या फरकावरून पाणी काढायचं तर क्षेत्रफळ × फरक × स्पेसिफिक यील्ड. विदारित (झिजून सुट्या झालेल्या) बेसाल्टमध्ये हा आकडा साधारण १ ते ३ टक्के, वाळूच्या गाळात १२ ते २० टक्के धरतात. ५० चौरस किलोमीटरमध्ये पाणी ३ मीटर चढलं तर २ टक्क्यांनी ३ दलघमी (दशलक्ष घनमीटर) भरलं आणि १६ टक्क्यांनी २४ दलघमी. तेवढाच चढ, आठपट पाणी. दोन तालुक्यांची 'पातळी किती वाढली' एवढ्यावर तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावं. बंदिस्त जलधरात (पाणी न झिरपणाऱ्या थराखाली दाबात कोंडलेल्या) तर हा गुणांक हजारांश किंवा त्याहूनही कमी असतो. तिथे दहा मीटरची घट म्हणजे खूप पाणी गेलं असं नाही, दाब गेला.

धरण

पट्टी सांडव्यापासून आणि विमोचकापासून (पाणी सोडण्याच्या दारापासून) दूर हवी, तिथे पाणी ओढलं जातं आणि पातळी खाली दिसते. लांब जलाशयात वारा भिंतीकडे वाहत असेल तर पाणी तिथे चढतं, म्हणून वाऱ्याची दिशा शेऱ्यात लिहावी. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी वारा पडलेला असताना वाचावं.

टक्केवारी कशाची हे आधी ठरवावं. मृत साठा (विमोचकाच्या खालचा, सोडता न येणारा) २० दलघमी, उपयुक्त साठा (त्यावरचा) ८० आणि आज एकूण ६० असेल, तर एकूण साठ्याच्या ६० टक्के पण उपयुक्त साठ्याच्या ५० टक्के. दोन्ही आकडे बरोबर, पण एका अहवालात दोन्ही मिसळले की सगळी बेरीज खोटी.

आवक थेट मोजता येत नाही, ताळ्यातून निघते: आवक = साठ्यातला फरक + सोडलेलं पाणी + बाष्पीभवन + गळती − जलाशयावर पडलेला पाऊस. पाणपसारा १० चौ.कि.मी. असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे १ लाख घनमीटर, दिवसाला सरासरी १.१६ घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे वाचनात सेंटीमीटर चुकलं की कोरड्या दिवसांत आवक दुप्पट किंवा थेट ऋण येते. ऋण आकडा खोडून शून्य लिहिण्याची पद्धत सर्रास आहे आणि वाईट आहे, कारण धन चुका तशाच राहतात आणि महिन्याची बेरीज फुगते. ऋण तसाच ठेवावा आणि तीन ते पाच दिवसांची सरासरी दाखवावी. बाष्पीभवन पात्राचं (उघड्यावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याचं) वाचन ०.७ ने गुणावं: पात्रात ८ मि.मी. असेल तर जलाशयातून ५.६ मि.मी., वरच्या पाणपसाऱ्यावर ५६,००० घनमीटर रोज.

साठा-तक्ता गाळाने खोटा होतो. फक्त मृत साठ्यातच गाळ बसतो हा समज चुकीचा. नदी जलाशयात शिरते तिथेच भरड गाळ पडतो आणि ती जागा उपयुक्त साठ्याची असते. जीपीएस आणि सोनार लावलेल्या बोटीतून तळ मोजावा, किंवा धरण उतरत असताना वेगवेगळ्या पातळ्यांना उपग्रहचित्रांतून पाणपसारा काढावा. दोन पातळ्यांमधलं घनफळ = पातळ्यांमधलं अंतर ÷ ३ × (खालचा पसारा + वरचा पसारा + दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ). उपग्रहाच्या पद्धतीत सर्वांत खालच्या दिसलेल्या पातळीच्या तळाचं काही कळत नाही.

नोंदवही

मूळ वाचन कधीही खोडू नये. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, कारणासह. वाचन झालं नाही तर रकाना मोकळा, शून्य नाही. एकक प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिहावं: १ क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद) म्हणजे ३५.३ क्युसेक (घनफूट प्रति सेकंद), १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी. १२.४३ चं १२.३४ होणं ही टंकनातली नेहमीची चूक. कालच्या आकड्याशी फरक आपोआप दाखवणारा रकाना ठेवला की ती लगेच पकडली जाते. आठवडाभर दशांशापर्यंत एकच आकडा असेल तर यंत्र अडकलं आहे, किंवा वाचणारा गेलाच नाही.

तिन्ही एकत्र

पाऊस पडला की ओढा तासांत उत्तर देतो, धरण दिवसांत, भूजल आठवड्यांत किंवा महिन्यांत. म्हणून तिन्हींची तुलना एकमेकांशी थेट करण्यापेक्षा प्रत्येकाची त्याच तारखेच्या आपल्या जुन्या नोंदींशी करावी. जुन्या वर्षांची वाचनं चढत्या क्रमाने लावून आजचं कुठे बसतं ते बघायचं: मधल्या निम्म्यात असेल तर नेहमीसारखं, खालच्या दहा टक्क्यांत असेल तर गंभीर. अशा तुलनेला वीस-तीस वर्षांची नोंद लागते. पाच वर्षांच्या 'सरासरी'वर निष्कर्ष काढू नये.

पावसाळ्यानंतर नदीत वाहतं ते बहुतेक भूजलच असतं. त्या काळातला विसर्ग लॉग मापावर मांडला की उतरती रेषा जवळपास सरळ येते. ४.० वरून दहा दिवसांत ३.२ घनमीटर प्रति सेकंद झालं असेल तर रोजचा गुणक सुमारे ०.९७८, आणि पाऊस नसताना तो जवळपास तसाच टिकायला हवा. रेषा मध्येच तीव्र उतरू लागली तर आधी पट्टी आणि वक्र तपासा. ते ठीक असतील तर काठच्या निरीक्षण विहिरी बघा. विहिरींची पातळी नेहमीच्याच वेगाने उतरत असेल तर वरच्या बाजूला कोणीतरी थेट नदीतून उचलतंय. विहिरीही वेगाने उतरत असतील तर उपसा जमिनीखालून चालू आहे, आणि धरणाच्या आवकेत त्याचा परिणाम दिसायला अजून थोडे दिवस आहेत.